अंतऱ्याची खालची बाजू

मनीषनगर, नागपूर
५ जानेवारी २०२५

चि. सौ. रोशनीस,
अ. उ. आ. व सप्रेम जयभीम.

जरीपटक्याच्या घराच्या गच्चीवर आपण दोघी ओली चादर पिळायचो, ते आठवतं का? एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, आणि पिळता पिळता ते एकच गाणं. शाळेत सिस्टरनं मला वरच्या आवाजात बसवलं होतं आणि तुला खालच्या. तीच वाटणी आपण घरी आणली. अंतरा आला की मी वर चढायचे, तू खाली राहायचीस. आई जिन्यातून ओरडायची की एवढ्या वर चढून काहून गातेस वं, चादर पिळ. समोरच्या घरातले हे तेव्हा खिडकीत पुस्तक धरून बसायचे. पान उलटताना मी काही त्यांना कधी पाहिलं नाही.

आज तेच गाणं छळतं आहे. माझ्या गळ्यातली गाठ काढायची ठरली, २२ तारखेला. आवाजाची नस गाठीला चिकटून आहे. डॉक्टर म्हणाले, जपू, पण आवाज होता तसाच परत येईल असा शब्द देता येत नाही. तोवर बोलणं अगदी कमी ठेवायचं. म्हणून हे पत्र. तू फोन केलास तर मला गप्प राहवणार नाही, आणि तुझं तर ठाऊकच आहे.

१९ ला आमच्या कराओके क्लबचा कार्यक्रम आहे. एक गाणं गायची परवानगी मिळाली, गळा न ताणण्याच्या अटीवर. ह्यांनी मला न विचारता तेच गाणं नोंदवून टाकलं, मूळच्या उंच पट्टीत. हळूच गाऊन पाहिलं, तर अंतऱ्याच्या टोकाला आवाज फाटतो. साथीला माणसं असती तर सावरून घेतलं असतं. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. ट्रॅक सांभाळणारा अश्विन लॅपटॉपवर पट्टी उतरवून देतो, पण मग पडद्यावर गाण्याच्या नावाखाली तसं लिहून येतं आणि मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. काय करू, ते सांग. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसले आहे.

तुझी,
प्रेमिलाताई


अमरावती
९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडली, मग भाऊजींना फोन लावला. चांगलं सुनावलं की हौस तुमची अन् गळा तिचा, हा कुठला न्याय? ते म्हणाले, रोशनी, तुले नाही समजत, ते गाणं खाली उतरवलं का तिचं राहतच नाही. आणि फोन ठेवून दिला! धम्मानंद भाऊजींना राग येतो हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

आता माझं ऐक. शाळेतल्या पोरींना गाणं देताना मी करते तसं कर. दुपारी पेटी घेऊन आरशासमोर बस. बोलतेस त्या सुरापासून एकेक सूर वर जा. हनुवटी उचलली गेली, भुवया चढल्या की थांब आणि दोन सूर मागे ये. ती तुझी हद्द. मग गाण्यातला सगळ्यात उंच सूर शोध. मुखड्यावर भुलू नको, मुखडा सगळ्यांनाच जमतो. उंच सूर हद्दीबाहेर गेला तर पट्टी उतरव, नाहीतर गाणं बदल. कुजबुजणाऱ्या बायांना मागच्या वर्षी मीही ऐकलं आहे. एकीचा वरचा सूर लागला तेव्हा मला वाटलं, मांजरीच्या शेपटीवर कुणाचा पाय पडला.

थट्टा सोडते. ताई, मी घाबरून राहिली आहे. एका संध्याकाळसाठी त्या नसेवर जोर देऊ नको. माझ्यासाठी एवढं करच.

तुझी,
रोशनी


मनीषनगर
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. रोशनीस,
अ. उ. आ.

आरशासमोर बसले. भुवया कधी चढल्या ते मला कळलंच नाही, आरशानं सांगितलं. गाण्याचं टोक माझ्या हद्दीच्या तीन सूर वर आहे. अश्विनला तेवढी पट्टी उतरवलेला ट्रॅक लावायला सांगितलं आणि त्यावर तालीम केली. गाणं अंगात कपडा बसावा तसं बसलं.

हे ऐकून ह्यांनी बोलणंच सोडलं. मला मनाई डॉक्टरांची, ह्यांना स्वतःची. घरात एकटा कुकर बोलतो. काल हैदराबादहून मोनालीनं व्हिडिओ कॉल लावला, आणि आमच्याकडे पाहून विचारलं की आईबाबा, आवाज बंद पडला की भांडण झालं?

हे दोनदा अश्विनला भेटून आले. कशाला, ते सांगत नाहीत. मला धास्ती वाटते.

तुझी,
ताई


मनीषनगर
२० जानेवारी २०२५

चि. सौ. रोशनीस,
अ. उ. आ.

धास्ती खरी ठरली. मी स्टेजवर गेले, ट्रॅक सुरू झाला आणि पहिल्या सुरातच कळलं, ही मूळची पट्टी. ह्यांनी अश्विनला सांगितलं होतं की हिनं बेत बदलला. थांबवायला ओरडायला हवं होतं, आणि तेच तर मना होतं. हे पहिल्या रांगेत फोन धरून उभे.

मुखडा कसाबसा झाला. मधलं संगीत वाजत होतं, पडद्यावर अंतऱ्याचे शब्द आले. वर जावं तर नस, उतरून जावं तर ह्यांचा चेहरा. तेवढ्यात हाताला चादरीचा पीळ जाणवला गं. मी वर गेलेच नाही. तू जायचीस तिथे, खाली गेले. सगळा अंतरा तुझ्या बाजूनं गायले. एकदाही हनुवटी उचलावी लागली नाही. मागची रांग गप्प होती. ह्यांनी फोन कधी खाली घेतला ते मी पाहिलं नाही.

घरी येताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. म्हणाले, चुकलं माझं. तो वरचा सूर मले एक डाव जपून ठेवायचा होता. मग विचारलं की हे खालचं गाणं कोणाचं? मी तुझं नाव सांगितलं. म्हणाले, तेव्हा खिडकीतून मले हे ऐकूच नाही आलं. माझ्या रागाचं मग काय झालं, मलाच कळलं नाही.

परवा ऑपरेशन. मोनाली आज पोचते. काही झालं तरी माझ्यावरची माया अशीच दाट ठेव. आणि पुढचं तू लक्षात ठेवून कर.

पेटी मोनालीला, उंदरांपासून भाता जपायला सांग. तो उतरवलेला ट्रॅक क्लबात जी बाई संकोचत मागेल तिला अश्विननं द्यावा, पडद्यावर काही न लिहिता. ह्यांच्या फोनवर नुसता मुखडा उतरला आहे; तो ह्यांच्याकडेच राहू दे, पुसू नका. तुझी खालची बाजू मी एका संध्याकाळपुरती घेतली होती, ती तुला परत. आणि वरची कधी ह्यांनी मागितली, तर तीही तूच गा.

तुझी,
प्रेमिलाताई