मृदुलेचं मागणं

अल मलाझ, रियाध
१२ ऑक्टोबर १९८१

ती. अण्णांस,
रेखाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मृदुलेला अकरावं सरलं. अजून बोलत नाही. घराबाहेर पाऊल टाकलं की किंचाळते, स्वतःचाच हात चावते. शेजाऱ्यांनी तक्रार केल्यापासून ह्यांनी धोशा लावलाय, की तिला पुण्याच्या मतिमंद मुलांच्या संस्थेत ठेवू. अण्णांना चौकशी करायला सांग, म्हणतात. मनाविरुद्ध लिहिते आहे.

पण खालच्या मजल्यावर हैदराबादच्या आबिदा राहायला आल्या आहेत. तिकडे अशा मुलांच्या शाळेत शिकवायच्या. मृदुलेला पाहून म्हणाल्या, हा ऑटिझम. पोर हट्टी नाही, पुढे काय होणार ते कळत नाही म्हणून घाबरते. बोललेलं विरून जातं, चित्र डोळ्यांसमोर राहतं. मग त्यांनी पुठ्ठ्यांवर चित्रं काढून भिंतीवर ओळीनं लावली: आंघोळ, न्याहारी, चपला, दुकान, पुन्हा घर. काल मृदुला माझ्याबरोबर दुकानात आली, अण्णा! वाटेत एकदा थबकली. घराचं चित्र दाखवलं, तशी चालू लागली. बाईंच्या हातात जादू आहे म्हणावं, तर म्हणतात, जादू नव्हे, धीर.

आईला नमस्कार. आशीर्वाद असू द्यावेत.
तुमची रेखा

चिपळूण
४ नोव्हेंबर १९८१

चि. सौ. रेखा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. दुकानाची हकिकत तिनं पुन्हा वाचायला लावली.

पुण्याला जाऊन आलो. संस्था स्वच्छ, माणसं सज्जन. जागा आहे, नाताळपर्यंत कळवा म्हणाले. मी मात्र अजून होकार दिलेला नाही.

एक शंका. चित्रांचीच सवय लागली तर पोर बोलणार कधी? बाईंना विचार, आणि त्यांना माझा नमस्कार सांग. चित्रं त्यांनाच काढू दे. तुझ्या गायीखाली 'गाय' लिहावं लागे, हे मी विसरलेलो नाही.

उमाकांतरावांना आशीर्वाद. सांभाळून राहा.
अण्णा

रियाध
८ डिसेंबर १९८१

ती. अण्णांस, शि. सा. नमस्कार.

तुमची शंका विचारली. आबिदा म्हणाल्या, बोलणं येईल तेव्हा येईल, आधी सांगणं तर येऊ दे. आणि अण्णा, ते आलं!

हे तिकडे लांब जुबैलच्या बांधकामावर असतात, शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी घरी येतात. त्या दिवशी ओळीत ह्यांचा फोटो लावतो, इकाम्यासाठी, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यासाठी काढलेल्यांतला. परवा रविवारी मृदुलेनं तो आपल्या हातानं लावला. मी काढला, म्हटलं, बाबा गुरुवारी. तिनं पुन्हा लावला आणि माझा हात धरून त्यावर ठेवला. जन्मात पहिल्यांदा तिनं काही मागितलं, तेही कुणाला, तर बाबांना!

मी कामावर फोन केला. संध्याकाळी हे दारात हजर, कपड्यांवर सिमेंट तसंच. ती धावली नाही, हसलीही नाही. हे तिथंच उंबऱ्याशी बसले, तशी जवळ जाऊन ह्यांना टेकून बसली. मग हे म्हणाले, अण्णांना संस्थेला नको म्हणून कळवायला सांग.

मे महिन्यात आम्ही तिघं येतोय. विमानाची चित्रं हेच काढताहेत. त्यांपुढे माझी गाय बरी! तुमचा नि आईचा फोटो लवकर पाठवा, मृदुलेची आधी ओळख होऊ दे. आईला सांगा, ठेवणीतलं नको, रोजचंच लुगडं नेसून बस.

माझ्यावरचा लोभ आता नातीकडेही वळवावा.
तुमची रेखा