भाच्याच्या बदल्यात

लोरेटाताई,

तुझ्या वेंडेलला दुसऱ्या संघाला देऊन आमच्या संघाने तो नामी पिचर, चेंडू फेकणारा, घेतला, म्हणून तू अजून मालकाला शिव्या घालतेस. मालक कचरतच होता गं. बैठकीत मला म्हणाला, “रॉस्को, भाचा तुझा. तूच सांग.” बेसबॉलची पोरं हेरण्यात माझी तीस वर्षं गेली. मामाने झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मीच म्हटलं, “देऊन टाका त्याला.”

आम्ही अजिंक्यपद जिंकलो. सगळ्यांसारखी मलाही विजेतेपदाची अंगठी मिळाली. तुझ्याकडे येताना मी ती गाडीच्या खणात काढून ठेवतो. हे पत्रही तिथेच राहील.

काल वेंडेलचा फोन आला. तिकडे राबवून घेतलेल्या कोपराचं दुसरं ऑपरेशन झालं, खेळ संपला. म्हणाला, “मामा, त्या बैठकीत तू असतास, तर मला जाऊ दिलं नसतंस.”

मी म्हटलं, “नसतंच रे.”

तुझा धाकटा,
रॉस्को