एका बाटलीची रांग

प्रिय ठमे,

आज चहा गाळताना कारखान्यातला तो आवाज एकाएकी कानात जागा झाला. धुतलेल्या काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींना खेटत यायच्या, किणकिण, किणकिण, जराशी उसंत, की पुन्हा किणकिण. त्या तालावर मी शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणत असे. समोर दिव्यापाशी बसून एकेक बाटली उजेडात धरून पाहणारी तुझी आई मान वर न करताच म्हणायची, कविराज, तळाशी घाण राहिली तर ती काय यमकानं निघणार आहे? लग्नाआधीचं आमचं सगळं बोलणं त्या किणकिणीतच झालं.

तुमचा तो कायदा आला, तेव्हा जिन्यात भेटेल त्याला मी सांगत सुटलो की याचा मसुदा माझ्या लेकीच्या खात्यात झाला. बाटली घेताना अनामत भरायची, रिकामी परत दिली की अनामत परत. आमच्या वेळी हे कायद्यावाचून चालायचं गं. मग प्लॅस्टिक आलं, फेकून द्यायची सवय आली, आणि आमचा पट्टा थांबला.

पहिल्यांदा बाटल्या परत न्यायच्या म्हणून मी कोण उत्साहानं कामाला लागलो! जुनी खोड. कोमट पाण्यात भिजवून लेबलं खरवडून काढली, खिडकीत उपड्या घालून वाळवल्या. तुझी आई असती तर तिनं उजेडात धरून पाहूनही एकही बाजूला काढली नसती. दुकानाच्या मागे बाटल्या घेणारी खिडकी आहे, तिथं ऐटीत मांडल्या. खिडकीवरच्या बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, आजोबा, अंघोळ झकास घातलीत हो, पण लेकरांचे कपडे कुठे टाकलेत? अनामतीची खूण लेबलावरच असते म्हणे. लेबल गेलं की बाटली बेवारशी. सगळी रांग हसली. माझ्या मागचा टॅक्सीवाला तर पोट धरून. मीही हसलो, मग बाईंना आमच्या पट्ट्याच्या गोष्टी सांगत बसलो. घरी येऊन आईच्या फोटोला हे सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर घसा बसलेला. बोलायची सवयच मोडली होती, ठमे.

तेव्हापासून मी एका वेळी एकच बाटली नेतो. साखर डॉक्टरांनी बंद केली आहे, म्हणून साधा सोडा आणतो. निम्मा मी पितो, निम्मा कुंडीतल्या झाडाला. ते बिचारं ढेकर देत असेल. बाई विचारतात, आज कुठली कविता? मी दोन ओळी म्हणतो. टॅक्सीवाला मागून ओरडतो, आजोबा, एका बाटलीसाठी रांग अडवता, पोतं भरून आणा की एकदम! एकदा पावसात त्यानंच मला इमारतीच्या फाटकापर्यंत सोडलं, पण रस्ताभर शिव्या घालत. म्हणाला, तुमच्यामुळे माझी गिऱ्हाइकं जातात. भाडं मात्र घेईना.

गेल्या महिन्यात खिडकीवर कागद लागला. कायद्यात दुरुस्ती येते आहे, खिडकीऐवजी यंत्र बसवलं तरी चालेल. पलीकडच्या वस्तीत ते चाचणीसाठी आधीच बसलंय, मी मुद्दाम बघून आलो. बाटली तोंडात घातली की गुरगुरतं आणि चिठ्ठी बाहेर काढतं. मी सवयीनं त्याला आभारी आहे म्हणालो, आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

या आठवड्यात गुडघा सुजलाय, जिना उतरवत नाही. काळजी करू नकोस, शेक घेतोय. पण घर फार गप्प झालंय. तू रविवारी फोन करतेस, पाठीमागे तुझी घाई ऐकू येते. तक्रार नाही, कामं असतात. म्हणून फोनवर बोललो नाही, लिहायला बसलो. दुरुस्तीवरच्या हरकती तुझ्याच टेबलावर येतात ना? त्यांत ही एक ठेव. बापाचा वशिला नको, एका म्हाताऱ्या नागरिकाची हरकत समज. यंत्र खुशाल बसवा, पण शेजारी एक माणूस राहू द्या. रांगेतला प्रत्येक जण केवळ बाटली परत करायला येत नाही, एवढं तुमच्या मसुद्यात कुठंतरी...

थांब, जिन्यात गलका कसला? कुणीतरी खालपासून एकेक दार ठोठावत येतंय. ते कवितावाले आजोबा कुठे राहतात हो, एक बाटली घेऊन येणारे? नाव? नाव कुणाला माहीत! बाईंनी सकाळपासून डोकं खाल्लंय माझं, बघून या, बघून या म्हणून! अगं, हा तर टॅक्सीवाल्याचा आवाज. आता माझंच दार वाजवतोय. उठतो.

तुझाच, भिंत धरून दाराकडे निघालेला,
बाबा