भँवरचा इन-चार्ज

२ मार्च २०१४, रविवार
आजपासून डायरी. पार्कातली सगळ्यात मोठी राइड ज्याच्या हातात आहे, त्याने लिहून ठेवलं पाहिजे. पुढे लोक विचारतील.
संकल्प: पोहायला शिकणे. (पाण्याच्या राइडच्या इन-चार्जला पोहता येत नाही, हे पार्कात कोणाला माहीत नाही.) संध्याकाळचे समोसे बंद. बायको उल्का आणि मुलगी मीनाक्षी, दोघींना यंदा माझ्या राइडमध्ये, भँवरमध्ये, बसवणे. इतकी वर्षं मी गुडगावला नोकरी करतो, पण उल्का एकदाही राइडवर आलेली नाही. म्हणते, दिल्लीच्या बसमध्ये द्वारका ते मंत्रालय रोज एवढे धक्के खाते, त्यात निदान कपडे कोरडे राहतात.
समोसे उद्यापासून बंद. आजचे आणून झाले होते.

५ मार्च, बुधवार
भँवर कशी चालते ते एकदा नीट लिहायला घेतलं. पब्लिकला वाटतं टबाखाली चाकं आहेत, रूळ आहेत, मोटर आहे. काही नाही. गोल टब, भोवती हवा भरलेली रबराची कड, मध्ये धरायला लोखंडी कडं, आठ माणसं. खाली तळं आहे. तीन पंप तळ्यातलं पाणी उचलून वर टाकतात. वरून ते सिमेंटच्या उतरत्या पाटातून खाली येतं आणि टबाला घेऊन येतं. जो खळखळाट दिसतो तो पाटाच्या तळाला ठोकलेल्या ओंडक्यांमुळे. शेवटी फळ्यांचा सरकता पट्टा टब उचलून परत फलाटावर आणतो. बस. टबाला स्वतःचं काही नसतं. पाणी नेईल तिकडे.
कोण भिजणार ते कोणालाच सांगता येत नाही, असं सगळे म्हणतात. मला येतं. तिसऱ्या वळणावर धबधबा आहे. टबातल्या सगळ्यात जड माणसाच्या समोर जो बसतो तो भिजतो. बाजूचा कोरडा राहतो. यावर कोणी काम केलेलं नाही.

७ मार्च, शुक्रवार
थिअरीची टेस्ट. पिवळ्या ड्रेसवाल्या बाई भिजणार असं मनात ठरवलं. भिजले सरदारजी. बाईंच्या मांडीवर मोठी पर्स होती. पर्सचं वजन मी धरलं नव्हतं. म्हणजे थिअरी बरोबर आहे.

१७ मार्च, सोमवार, होळी
तुफान गर्दी. सगळे रंग खेळून तसेच आले. दुपारपर्यंत पाटातलं पाणी जांभळाच्या सरबतासारखं. पंपांच्या जाळीत गुलालाचा चिखल बसला. तिसऱ्या पंपातून जळका वास आला, मग तो बंदच पडला. मल्होत्रांना (आमचे जनरल मॅनेजर) सांगितलं. ते म्हणाले, दो पे चलाओ.
दोनवर चालवली. टब हळू जातो, वळणावर जरा टेकतो, पण जातो. म्हाताऱ्या लोकांना आवडलं. याला मी फॅमिली मोड नाव दिलं.

२४ मार्च, सोमवार
पंपाच्या सीलसाठी अर्ज दिला होता. मल्होत्रा म्हणाले, अब नया कुछ मत मँगाओ. याचा अर्थ उघड आहे. सुटे पार्ट नकोत, पूर्ण नवीन पंपच येणार.
तरी करोल बागेत जाऊन गाडीच्या पार्टवाल्याकडून मापाचं सील आणलं. बसलं नाही. माप बरोबर होतं, पंप झिजलेला आहे.
पोहण्याचा क्लास पाहिला. सहा वर्षांची मुलं होती. मोठ्यांची बॅच आहे का विचारलं. हीच आहे म्हणाले.

३ एप्रिल, गुरुवार
मोठी बातमी. तिपाईवाले सर्व्हेअर आले. पाटाच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. मी सहज विचारलं, तर एक जण म्हणाला, यहाँ टॉवर बी आएगा.
म्हणजे धबधब्याचा टॉवर. दुसरा. उंच. टॉवर ए तिकीट खिडकीपाशी आखलाय, तो बहुतेक लोकांना लांबून दिसावा म्हणून. मल्होत्रांना म्हटलं, एक्स्पान्शनसाठी माझा काही उपयोग असेल तर सांगा. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, करण साहब आएँगे, उनको राइड समझा देना.
करण साहेब म्हणजे मालकांचा मुलगा. थोडक्यात, प्रेझेंटेशन.
घरी येऊन सांगितलं. उल्का भाजी चिरत होती. म्हणाली, छान.

१९ एप्रिल, शनिवार
उल्काची बदली. नागपूर. जूनमध्ये हजर व्हायचंय. तिने वरण वाढता वाढता सांगितलं. मीनाक्षीची बारावी झालीच आहे, ती तिकडे कॉलेजला जाईल म्हणाली. मीनाक्षी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, मम्मा और मैंने डिसाइड कर लिया है बाबा.
उल्काने विचारलं, तुम्ही काय करणार? मी म्हटलं, रद्द करून घे, खात्यात तुझ्या ओळखी आहेत. ती म्हणाली, मीच मागून घेतली.
मी म्हटलं, प्रेझेंटेशन झाल्यावर बोलू. ती बरं म्हणाली.
वरण अळणी होतं. कोणीच मीठ मागितलं नाही.

४ मे, रविवार
प्रेझेंटेशनची घरी रंगीत तालीम. डायनिंग टेबलावर परात तिरकी ठेवली, टब म्हणून स्टीलची वाटी, वाटीत शेंगदाणे म्हणजे माणसं. मीनाक्षीला पंप केलं. तिने मगने वरून पाणी ओतायचं. आमच्याकडे पाणी टँकरचं, त्यामुळे उल्काने आधीच बजावलं की एकच मग मिळेल, तोच पुन्हा पुन्हा वापरा. मी म्हटलं, अगं, भँवरचं तत्त्वच ते आहे.
वाटी गर्रकन फिरली आणि एक शेंगदाणा उडून उल्काच्या चहात पडला. उल्का हसली. खूप दिवसांनी. मीनाक्षी पण हसली. मग ती म्हणाली, बाबा, ये परात के बाहर वाला पानी कौन पोंछेगा?
मी पुसलं. उल्का चहा घेऊन आत गेली, शेंगदाण्यासकट.

१२ मे, सोमवार
प्रेझेंटेशन झालं. उत्तम!
करण साहेब, मल्होत्रा आणि दोन बाहेरची माणसं. मी उभ्याने बोललो. तळं, पंप, उतार, ओंडके, पट्टा, सगळं. करण साहेब फोन बघत होते. थिअरीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर करून प्रश्न विचारला. म्हणाले, इसको खाली करने में कितना टाइम लगेगा?
इतका नेमका प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. मी खुललो. पंप बंद केले की पाट आपोआप रिकामा होतो, उतारच तसा आहे. तळं उपसायला एक दिवस, मागच्या नाल्यात पाइप टाकून. पंप कसे सोडवायचे तेही सांगितलं. बाहेरच्यांपैकी एकाने सगळं लिहून घेतलं. निघताना करण साहेबांनी हात मिळवला. म्हणाले, वेरी क्लियर.
घरी सांगितलं. उल्का म्हणाली, मग आता बोलायचं का? मी म्हटलं, आज नको, आज डोकं चालत नाही.

१३ मे, मंगळवार
बोर्डावर नोटीस लागली. जागा विकली आहे. आठ जूनला पार्क बंद. फ्लॅट होणार, टॉवर ए आणि टॉवर बी.
सगळे वाचत होते. मीही वाचली. दोनदा वाचली. मल्होत्रा म्हणाले, दिनकरजी, आपको तो पता ही था. मी म्हटलं, बिल्कुल.
मग राइड सुरू केली. दिवसभर टब खाली जात होते आणि पट्ट्यावरून वर येत होते.
काही वाटलं नाही. संध्याकाळी समोसे खाल्ले.

२२ मे, गुरुवार
घरी सांगितलेलं नाही. आधी दोघींना राइडमध्ये बसवतो, मग सांगतो. चालू राइडमध्ये बसलेल्या माणसाला बातमी वाईट वाटत नाही.
उल्का सामान बांधते आहे. माझे स्वेटर कुठल्या खोक्यात टाकू विचारत होती. म्हटलं, राहू दे, नागपुरात थंडी कुठे असते. ती म्हणाली, तुमचे म्हणतेय मी. मी म्हटलं, तेच.

८ जून, रविवार
शेवटचा दिवस. दोघी आल्या. उल्काने जुना सलवार-कमीज घातला होता, भिजला तरी चालेल असा. गर्दी नव्हती. आम्ही तिघंच टबात. थिअरीप्रमाणे मी उल्काला पक्क्या कोरड्या जागेवर बसवलं आणि भिजायच्या जागेवर मीनाक्षीला, म्हणजे तिला मजा येईल.
दोन वळणं छान गेली. मीनाक्षी ओरडत होती. उल्काने कडं दोन्ही हातांनी धरलं होतं. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे लाइट गेली. जनरेटर मागच्या आठवड्यात विकला. पंप थांबले, धबधबा थांबला. पाणी सरसर उतरत गेलं आणि टब हलकेच जमिनीवर बसला.
इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती.
मी म्हटलं, घाबरू नका, प्रोसीजर आहे. बसून राहायचं, माणूस येतो. माणूस आला नाही. बरेच जण हिशेब घेऊन आधीच गेलेत.
उल्का म्हणाली, टॉवर बी इथेच का हो? मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, फ्लॅटची जाहिरात पेपरात महिन्याभरापूर्वी आली. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.
मी म्हटलं, सांगणारच होतो. ती म्हणाली, क्वार्टरसाठी मी तिघांचं लिहून दिलंय. गुरुवारची गाडी आहे. येताय का?
मी म्हटलं, आधी टब तर हलू दे.
मीनाक्षीने सँडल काढले आणि ती सरळ खाली उतरली. घोट्याइतकं पाणी. तळाला चपला, गॉगल, कोणाचा तरी खेळण्यातला हत्ती. ती म्हणाली, बाबा, काई को मराठी में क्या बोलते हैं? मी म्हटलं, शेवाळ. ती म्हणाली, हाँ, वही है, सँभल के.
उल्का घसरली. तिने माझा हात धरला. सिमेंटच्या पाटातून चढ चढत आम्ही फलाटापर्यंत आलो. बरीच वाट होती. मग पायऱ्या आल्या, तिने हात सोडला.
तिचा चेहरा ओला होता. धबधबा बंद झाला तरी वरून कधी कधी गळतो. नाहीतर ती जागा कोरडीच आहे.

१२ जून, गुरुवार
निजामुद्दीन स्टेशनवर दोघींना गाडीत बसवलं. मला थांबावंच लागलं. मल्होत्रा म्हणाले, भंगार निघेपर्यंत कोणीतरी हवं, आप साइट इन-चार्ज हो जाओ. म्हणजे आता फक्त भँवर नाही, अख्खी साइट. उल्काला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, स्वेटर खाली काढून ठेवलेत, घेऊन या किंवा घाला.
गाडी हलल्यावर मीनाक्षीने हात केला. उल्का बॅग वर ठेवत होती.
घरी आलो. टँकर येऊन गेला होता.

१९ जून, गुरुवार
तळं उपसलं. एक दिवस लागला. मी सांगितलं होतं तेवढाच.
उल्काचा फोन आला. जेवलात का? हो म्हटलं. मग आठवून ब्रेड खाल्ला.

२६ जून, गुरुवार
भंगारवाला आला. टब उलटे करून ट्रकवर रचले. त्याने विचारलं, साहब, ये चलता कैसे था? मी सांगायला लागलो. खाली तळं होतं, तिथून पंप पाणी वर टाकायचे. तो मध्येच म्हणाला, नहीं, मतलब, रबर निकलता कैसे है? मी दाखवलं. चाकूने निघतं.
ट्रक गेला. पाटाकडे बघितलं. पाण्याशिवाय तो एक लांब गटार दिसतो.
उल्काला फोन केला. ती म्हणाली, आता तिथे काय काम उरलंय? फोन दोघांनीही ठेवला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, मग तिने ठेवला.

२७ जून, शुक्रवार
मल्होत्रांना राजीनामा दिला. ते म्हणाले, अरे, आपका तो कल ही खतम हो गया था.
तिथून सरळ स्टेशनवर. नागपूरचं तिकीट काढलं. वेटिंग. खिडकीवरचा माणूस म्हणाला, चान्स कम है. या लोकांना अंदाज नसतो. मी नीट विचार केला आहे, माझ्या पुढचे बरेच जण रद्द करतील.
उल्काला फोन करून सांगितलं, कन्फर्म आहे.