एकेचाळीस वह्या आणि एक न वाचलेली सही

मी, मुनजिया बिन्त तय्यब नफ्ती, वय शहात्तर, निवृत्त वनस्पतिरोग संशोधक, राहणार नफ्ता, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, गुडघे नाहीत. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणू शकणारी माणसे माझ्या आधी गेली. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात माझी विद्यार्थिनी इब्तिसाम द्रीदी हिचे नाव नऊ वेळा आले होते, मी रद्द करते.

१. मालमत्तेचे दोन तृतीयांश कायद्यानेच माझा भाऊ हाशमी याचे. घरामागच्या भिंतीच्या वादावरून तो बावीस वर्षे माझ्याशी बोलत नाही. भिंत आता त्याची होईल. तिच्याशी बोलावे.

२. माझ्या हातातल्या तृतीयांशातून सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि पुस्तके इथल्या मुलींच्या शाळेला. सूक्ष्मदर्शक शोभेच्या कपाटात ठेवू नये. मुलींच्या हातून भिंग फुटले तर ओरडू नये. मी तीन फोडली आहेत. मोटार ज्याला ढकलण्याची हौस असेल त्याला द्यावी.

३. वह्यांबद्दल सविस्तर लिहावे लागेल.

खजुराची पात ठिसूळ होऊन झाड मरते, त्या रोगाच्या एकोणतीस वर्षांच्या नोंदी या वह्यांत आहेत. कोणते झाड, कोणाच्या बागेत, त्याची पिल्ले, म्हणजे बुंध्याला फुटणारी रोपे, कुठे लावली, त्यांचे पुढे काय झाले. झाडावर चढून पात काढून देणारा अम्मार ज़ग़्दूदी. त्याला अक्षर येत नाही, पण झाडे माणसांसारखी ओळखतो. पहिल्याच दिवशी त्याने अट घातली होती, "लल्ला, जे कळेल ते आधी बागेत सांगायचं." (इथे मानाने बाईला लल्ला म्हणतात, पुरुषाला सी.) नर झाडाचा मोहोर मादी झाडावर बांधल्याशिवाय खजूर धरत नाही, पण आमच्या बागांत तो विकत नाहीत. ज्याच्याकडे असेल तो नसलेल्याला देतो. अम्मारची अट त्याच रीतीतली होती. मी हो म्हटले.

या नोंदींवरचा लेख इब्तिसामने आणि मी मिळून लिहिला. कोणालाही फुकट वाचता येईल अशा एका नियतकालिकाकडे तो द्यायचे ठरले होते. (तसल्यांतही लेखकाला लुबाडणारी पुष्कळ आहेत. हे नव्हते.) एका सकाळी मी निघण्याच्या घाईत असताना ती कागद घेऊन आली.

"बाई, इथे सही. नुसता सोपस्कार आहे."

"सगळ्यांना वाचता येईल ना?"

"हो हो, बाई. नेटवर आला की जगभर."

मी सही केली. न वाचता सही करणाऱ्या विद्यार्थ्यांना आयुष्यभर वर्गाबाहेर काढणारी मी.

लेख आला तेव्हा बागायतदार संघाच्या कचेरीत अम्मारची मुलगी सबीहा हिने तो उघडला. वर चार ओळींचा सारांश, खाली पैसे भरा. मी माझ्याकडून उघडून पाहिला. निवृत्तीबरोबर ग्रंथालयाची सोयही गेली होती. माझाच लेख मला वाचता येईना. इब्तिसामने तो मला न सांगता दुसऱ्या, कुलूपबंद नियतकालिकाला दिला होता आणि हक्क माझ्या सहीने त्यांच्या नावे झाले होते.

फोनवर ती म्हणाली, "बाई, बढतीच्या समितीला नफ्त्याच्या बागा दिसत नाहीत. नियतकालिकाचं नाव दिसतं."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात." मग आवाज मऊ करून, "आणि वह्याही कोणाला दाखवू नका हं. करार मोडेल."

हे मी खरे मानले. दोन वर्षे वह्या कपाटात ठेवल्या. रोगट झाडाचे पिल्लू पहिली तीन वर्षे निरोगी दिसते, एवढे मी तोंडाने सांगितले. पण कोणत्या झाडाचे, हे वह्यांतच होते. त्या दोन वर्षांत लोकांनी पूर्वेकडची नवी बाग रोगट झाडांच्याच पिल्लांनी लावली.

अम्मार दारात आला, बसला नाही. म्हणाला, "मोहोर आमच्याकडून फुकट नेलात, लल्ला, आणि खजूर कुलपात ठेवलात?"

मी करार घेऊन नोटरी सी बल्कासिम यांच्याकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. त्यात लेख आहे. वह्यांचा एक शब्दही नाही. वह्या इब्तिसामला पुढच्या लेखासाठी हव्या होत्या.

म्हणून वह्या बागायतदार संघाला, कचेरीतल्या उघड्या टेबलावर ठेवण्यासाठी. कोणीही वाचाव्या, उतरवाव्या, फोटो काढून जगाला द्याव्या. सी बल्कासिम म्हणाले, हे तुमच्या मृत्यूनंतर लागू होईल. मी म्हटले, पूर्वेची बाग तेवढी थांबणार नाही. आज सकाळी सबीहा टेम्पोतून सगळ्या वह्या घेऊन गेली. तेव्हा या कलमाने देण्यासारखे काही उरलेले नाही.

४. इब्तिसाम द्रीदी हिला काहीही नाही. वह्या वाचायच्या असतील तर तिने कचेरीत यावे, सबीहाच्या हातचा चहा घ्यावा, हवे ते उतरवून न्यावे. तिच्याकडून कोणी काही मागू नये.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि मग सही केली.

मुनजिया नफ्ती
नफ्ता, १५ एप्रिल २०२५

साक्षीदार:
बल्कासिम मिस्सऊदी, नोटरी (सही)
अम्मार ज़ग़्दूदी (अंगठा. संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचून घेतल्यावर. कलम तीन त्याने दोनदा वाचायला लावले.)