तिचं पत्र आणि माझं भाषण

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी हे आत्ता लिहायला बसलेय. बोलण्यात मी कधी मागं नव्हते. ‘हिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई’ असं तूच सगळ्यांना हसून सांगायचीस. पण या एका गोष्टीवर तुझ्यापुढं माझं तोंड कधी उघडलं नाही.

उंब्रजजवळच्या आपल्या गावात तू अंगणवाडीची बाई. दुपारी पोरं घरी गेली की फौजेतल्या नवऱ्यांची पत्रं घेऊन बायका आपल्या स्वयंपाकघरात यायच्या. त्यांच्या आळीत वाचता येणारी माणसं काय कमी होती? पण तिथं वाचलेलं दिवस मावळायच्या आत भावकीभर व्हायचं. आपण बौद्धवाड्यातले, आपल्या घरातलं बोलणं त्यांच्या सोप्यापर्यंत जायला वाटच नव्हती. सुरुवातीला त्या पाणीही न पिता उठायच्या, पुढं पुढं चुलीपाशी बसून चहा मागून घ्यायला लागल्या. तू मला बाहेर पिटाळायचीस, पत्र हळू आवाजात दोनदा वाचायचीस आणि घडी घालून जिचं तिच्या हातात द्यायचीस. काय होतं गं पत्रात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणालीस, “वाचलं की माजं काम झालं. ध्यानात ठेवाया ते काय माजं हाय?”

मी सांगलीला कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. सुट्टीला घरी आले होते, तू मीटिंगला कराडला गेली होतीस, आणि मळ्यातली थोरली सून पत्र घेऊन दारात आली. “बाई न्हाईत व्हय? मग तूच वाच की. बाई काय आन् तू काय, एकच.” कुणाला सांगू नको, असंही ती म्हणाली नाही. नवऱ्यानं लिहिलं होतं की पुढच्या सुट्टीला आलो की मलकापुरात जागा बघू, वेगळं राहू, पण तोवर घरात एक अक्षर काढू नकोस, भाऊ तुला जगू देणार नाहीत. दुसऱ्यांदा वाचताना तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती. उत्तर काय लिहू म्हटलं, तर म्हणाली, “लिव, व्हय म्हणून. येवडंच.”

त्याच वर्षी पेपरात कॉम्प्युटरच्या नव्या कायद्याची चर्चा चालली होती. कॉम्प्युटरवरून धाडलेला मजकूर कुलूपबंद करता येतो, तर त्या कुलपाची एक किल्ली सरकारला द्यावी की देऊ नये, यावर आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा ठेवली. सभागृहातल्या निम्म्या पोरांनी कॉम्प्युटर नुसता काचेतून बघितलेला, त्यात मीही आले. माझी बाजू ‘देऊ नये’ अशी. माझ्या आधीचा मुलगा म्हणाला, ज्याच्या मनात पाप नाही त्यानं भ्यायचं कशाला? टाळ्या पडल्या आणि माझं डोकं फिरलं. पाठ केलेलं भाषण राहिलं बाजूला, मी ती गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, एवढी हुशारी केली. बाकी आमचं गाव, मळा, थोरली सून, मलकापूर, सगळं आलं. पहिला नंबर मिळाला. पेपरात माझं नाव, गावाचं नाव आणि तो सगळा दाखला छापून आला. तो पेपर मीच दिमाखात गावी आणला आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला दिला. तिच्या धाकट्या दिरानं तो तिथंच उभ्यानं वाचला.

तुला कळलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. आवाज चढवला नाहीस. “सरकारनं कुणाचं पत्र फोडू नये हे सांगाया तू तिचं फोडलंस व्हय गं?” एवढंच म्हणालीस, हात धुतलेस आणि मला घेऊन मळ्यात गेलीस. दिरापुढं उभी राहून सांगितलंस, “पत्रातलं मीच पोरीला सांगितलं. चूक माजी हाय.” ती दाराआड उभी होती. खरं काय ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. ती आत वळली आणि मी तुझ्या मागोमाग घरी आले.

मलकापूर राहिलंच. त्यानंतर तिची पत्रं दीर वाचायचा, सोप्यात, सगळ्यांपुढं, मोठ्यानं. उत्तरंही तोच लिहायचा. बाकीच्या बायकाही आपल्याकडं यायच्या थांबल्या. दुपारी तू सूप घेऊन उंबऱ्यात बसायचीस, कुणी वाटेनं गेलं की मान वर करायचीस. मला पुन्हा कधी काही म्हणाली नाहीस. चार शिव्या घातल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवसानंतर तिच्या दारात मी आजवर गेलेले नाही, त्याची लाज वाटते.

आता मी सांगलीतच कॉम्प्युटर शिकवते. किल्ली कुणाकडं असावी हा वाद अजून मिटलेला नाही, दर वर्षी वर्गात निघतो, आणि ज्याच्या मनात पाप नाही त्यानं भ्यायचं कशाला, असं म्हणणारा एक जण दर वर्षी असतो. हे पत्र टाकायला पेटी असती तरी मी टाकलं नसतं, कारण तू पुढचं वाचावंस असं मला वाटत नाही. त्या पोराला गप्प करायला मी अजून तिचीच गोष्ट सांगते. गावाचं नाव तेवढं बदलते. यंदाही सांगितली. वर्ग शांत झाला, आणि मला बरं वाटलं.