अजून पाच फूट

प्रिय भिंगरी,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. फोनवर आपण 'जेवलीस का' आणि 'टायर बघितलेस का' याच्या पुढे कधी गेलोच नाही, म्हणून म्हटलं, या वेळी कागद घ्यावा. अक्षर लावून वाच, घाई करू नकोस.

इकडे सगळं ठीक आहे. सुट्या भागांच्या दुकानात माझा जम बसलाय. गिऱ्हाईक गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवतं आणि मी कोणता पार्ट गेलाय ते सांगतो. मालक म्हणतो, तुमच्यामुळे करमणूक फुकट होते. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, पण जिना चढताना ती मला ऐकू जाईल एवढ्या बेताने कण्हते. तुझा मामा अजून जंगलाच्या फाटकावर तिकिटं फाडतो, डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं थंडीत फार आखडतात, असं परवा म्हणाला. एरवी तो तसं म्हणत नाही.

त्याच्या हाताबद्दल लिहायचं आहे.

तू लहान असताना त्याच्या मांडीवर बसून ते व्रण मोजायचीस. तो दर वेळी नवी गोष्ट रचायचा आणि शेवटी म्हणायचा, 'मग काय, ऐन वेळी तुझ्या बाबाचं इंजिन बंद पडलं.' तेवढं वाक्य कधी बदललं नाही. तुला ते पाठ आहे. आईला पाठ आहे. वनखात्याच्या कागदांतही तेच आहे.

त्याचा हात जायबंदी झाला त्या वर्षी मी जंगलात पाहुण्यांची जीप चालवायला लागून चौदा वर्षं झाली होती. मामा माझ्या शेजारी बसायचा. ठसे बघून जनावर कधी गेलं, कुठे गेलं, पोट भरलेलं होतं की उपाशी, हे तो सांगायचा आणि मी गाडी घालायचो. आमची जोडी नावाजलेली होती. पाहुण्यांतले एक दातांचे डॉक्टर, फोटोंचे वेडे, दर हंगामात आमचीच गाडी मागायचे. माणूस सज्जन. तुझ्यासाठी रंगीत पेन्सिली आणायचे, आठवत असेल. फक्त डोळ्याला कॅमेरा लागला की त्यांना आजूबाजूचं काही दिसायचं नाही. पुढची लेन्स तुझ्या त्या वेळच्या हाताएवढी लांब होती. जीपच्या दांडीवर वाळूची पिशवी ठेवून ते तिच्यावर लेन्स टेकवायचे.

तेव्हा ओढ्याकाठी एक बिबट्याची मादी होती. एका कानाची कड गेलेली, म्हणून सगळे तिला कानतुटी म्हणत. तिला दोन पिल्लं झाली होती आणि डॉक्टरांना त्यांचा फोटो हवा होता. वरच्या रस्त्यावरून नको, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून हवा होता. सलग चार सकाळी आम्ही फिरलो. पाचव्या सकाळी मामाने ती दाखवली. ओढा कोरडा होता. एका काठावर, उतारावर ती बसलेली. पिल्लं समोरच्या काठावर झुडपात.

रस्ता सोडायचा नाही हा नियम कॅम्पवाल्यांनी जीप हातात देताना तुलाही शिकवला असेल. मी सोडला. गाडी ओढ्याच्या पात्रात उतरवली. मामा हळूच म्हणाला, 'दाजी, पिल्लं पलीकडे आहेत. मधे नको जायला.' मी ऐकलं नाही असं नाही. स्वच्छ ऐकलं. मागून डॉक्टर म्हणाले, 'अजून पाच फूट. आणि इंजिन बंद करा, फोटो हलतोय.' मी पाच फूट गेलो. मग किल्ली फिरवली.

ती गुरगुरली नाही. सिनेमात गुरगुरतात. ती नुसती निघाली आणि पोचली. माझ्या बाजूने आली. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलो होतो, ते हलले नाहीत. मामाने माझ्यावरून वाकून आपला हात माझ्या तोंडापुढे धरला. माझ्या चेहऱ्यासाठी आलेला पंजा त्या हातावर पडला. मागे कॅमेऱ्याचा खटखट आवाज चालूच होता. मग ती उडी मारून पिल्लांकडे गेली. मी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं, भिंगरी. त्या गाडीने चौदा वर्षांत मला एकदाही दगा दिला नव्हता.

दवाखान्याच्या दारात वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आधी मामा स्ट्रेचरवरून बोलला, 'इंजिन बंद पडलं, साहेब. गाडी घसरून खाली आली.' माझं लायसन्स गेलं असतं तर आपण चौघं खाणार काय, हा हिशोब त्याने रक्त वाहत असताना केला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. माझा गुन्हा म्हणशील तर तेवढाच, एकदा मान डोलावली. नंतर ती उलटी फिरवायला रोज सवड होती. फिरवली नाही.

माणसावर विनाकारण चालून आली म्हणून कानतुटीसाठी पिंजरा लावला. नवव्या दिवशी ती सापडली. तिला दूरच्या प्राणी केंद्रात नेलं. तिथे ती सहा वर्षं जाळीमागे जगली. एक पिल्लू ओढ्यातच मेलेलं मिळालं. दुसरं कुणाला दिसलं नाही. मी एकदा सुट्टी काढून केंद्रात गेलो होतो. आईला सांगितलं, गाडीचं काम आहे. कानतुटी सिमेंटच्या ओट्यावर झोपलेली होती. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डॉक्टरांच्या फोटोला बक्षीस मिळालं. तू तो पाहिला आहेस. तुमच्या कॅम्पच्या स्वागतकक्षात भिंतीभर लावलाय. पंजा, दात, आणि कोपऱ्यात धुरकट दिसतो तो मामाचा कोपर. त्या फोटोमुळे पाहुणे मला नाव घेऊन मागायला लागले. जवळ नेणारा ड्रायव्हर. पहिली दोन वर्षं मी लांबच थांबायचो. मग हळूहळू पुन्हा जवळ जायला लागलो. लाज टिकते असं लोकांना वाटतं, पण तीही टायरसारखीच झिजते. आठ वर्षं मी त्या नावावर चांगली बक्षिशी कमावली. तुझं ड्रायव्हिंगचं शिक्षण त्यातच झालं. शेवटी कंबरेचं कारण सांगून सोडलं. कंबरेला काही झालेलं नाही.

काल आईला हे सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, 'आधी पोरीला कळवा. मग माझ्याशी बोला.' तेव्हापासून ती बोललेली नाही. तिच्या भावाचा हात आहे, तिचा हक्क आहे.

आता पत्र का, ते. गेल्या रविवारी तू घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलास. जीपमधले पाहुणे टाळ्या वाजवताहेत, तू मागे वळून हसते आहेस आणि कुणीतरी म्हणतंय, बापाचीच लेक. सगळ्यांनी अंगठे पाठवले. मी तो अकरा वेळा पाहिला. तुझ्या मागच्या गवतात एका बिबट्याच्या शेपटीचं टोक हलतंय. तू पाहुण्यांकडे बघत होतीस. उद्या सकाळी मी आणि मामा वनखात्याच्या ऑफिसात जाऊन घडलं तसं लिहून देणार आहोत. तो तयार नव्हता. मी व्हिडिओ दाखवल्यावर उठून त्याने चप्पल घातली. माझं पेन्शन वगैरे काही नाही, तेव्हा माझं काही जाणार नाही. तुझं जाईल. फोटो उतरवतील, पाहुणे विचारतील, कॅम्पवाले तुला 'त्याची मुलगी' म्हणतील, ते आतापर्यंत म्हणत होते तसं नव्हे. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये. आणि उद्याच्या फेरीच्या आधी कळावं, म्हणून हे पत्र पोस्टाने न पाठवता सकाळच्या दुधाच्या गाडीवाल्याबरोबर देतोय. मामावर रागावू नकोस, त्याने हात दिला आणि वर इतकी वर्षं शब्दही पाळला. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस दुकानात बसलेला असतो, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. ये.

तुझाच,
बाबा